खेतवाडीतला छर्रेवाला पोरगा: डॉ. सलीम अली

शेतकरी बंधूंनो, दिवाळी सरून थंडी पडू लागली की तालुक्याच्या गावाभोवती पाझर तलावांवर आणि माळांवर पाहुणी पाखरं उतरतात. त्यांच्या मागोमाग आणखी एक जातीचे पाहुणे येतात. मोटारसायकलवर दोघे, एकाच्या पाठीला छर्र्याची बंदूक, दुसऱ्याच्या पिशवीत जाळे. तितर, लावे, बदके, नशीब असेल तर ससा, असे काहीबाही मिळाले की दिवस मावळायला ते शहराची वाट धरतात. आपल्यातलीच काही मंडळी त्यांना तळ्याची वाट दाखवतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. रानडुकरांनी भुईमूग उकरला, हरणांनी हरभरा खुडला की मनात राग असतोच. मग कुणी बंदूक घेऊन आला तर बरंच वाटतं.

आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, ते गृहस्थ लहानपणी असेच बंदूकवाले होते. शिकारही कुठल्या घनदाट जंगलात नव्हे, तर थेट मुंबई शहरात, घरच्या अंगणात आणि तबेल्यात. पुढे अवघे जग त्यांना पक्ष्यांचे जाणकार म्हणून ओळखू लागले. त्यांचे नाव डॉ. सलीम अली. बंदुकीपासून वहीपर्यंतचा त्यांचा प्रवास, आणि उतारवयात त्यांच्याही हातून झालेली एक चूक, ही दोन्ही आपल्या कामाची आहेत.

पोरका मुलगा, शिकारी मामा

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी बहिणीची ही सगळी पोरे आपल्या घरात सांभाळली. तय्यबजी घराणे मोठे. 1887 साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले.

घर गिरगावाजवळच्या खेतवाडीत. आज तिथे चाळी, इमारती आणि दुकानांची दाटी आहे. पण नावातच पाहा, खेत आहे आणि वाडी आहे. त्या काळी घराला अंगण होते, घोडागाडी होती आणि तिचा तबेला होता. सुट्टीत ही मंडळी चेंबूरला जात. आज लोकल गाड्या आणि कारखान्यांच्या गर्दीतले चेंबूर तेव्हा झाडीत दडलेले खेडे होते. कोल्हेकुई ऐकू यायची. म्हणजे मुंबईकराला शिकारीसाठी लांब जायची गरजच नव्हती, शहराची वेस ओलांडली की रान सुरू.

मामा हाडाचे शिकारी. शिकार करणे ही तेव्हा बड्या घरची रीतच होती, त्यात कुणाला वावगे वाटत नसे. भाच्याला दहाव्या वर्षाच्या सुमारास छर्र्याची बंदूक मिळाली आणि पोरगं चिमण्यांच्या मागे लागलं. मारलेल्या चिमण्या घरात शिजतही असत. मोठा होऊन नामांकित शिकारी व्हायचे, एवढेच त्याचे स्वप्न होते.

आठ नर आणि एक मादी

त्याच काळातली, म्हणजे 1906-07 च्या सुमाराची एक हकिगत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर खिळ्यावर राखणीला. सलीमने गाडीच्या आडोशाला दबा धरून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही त्याच खिळ्यावर राखणीला बसला. सलीमने तोही मारला. मग तिसरा आला. असे करत सात दिवसांत त्या एका घरट्यापाशी आठ नर मारले गेले, आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला.

एखाद्या पोराने फुशारकी मारून विषय सोडून दिला असता. या पोराने ते वहीत लिहून ठेवले. अगदी साधे टिपण, काय पाहिले तेवढेच. पुढे कितीतरी वर्षांनी ते पक्षी-अभ्यासकांच्या पत्रिकेत छापले गेले. वाचकहो, शिकार तर हजारो पोरे करत होती. लिहून ठेवणारा हा एक निघाला.

त्या टिपणात आपल्यासाठीही एक गोष्ट आहे. निवारा आणि चारा जागेवर असला की मेलेल्याची जागा दुसरा घेतो. उसातला बिबट्या पिंजऱ्यात धरून नेला तरी काही दिवसांनी दुसरा येतो, हे जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. बंदुकीने एक जनावर कमी होईल, पण ते तिथे का येते, हा प्रश्न तसाच उरतो.

पिवळ्या गळ्याची चिमणी

1908 साल उजाडले. एके दिवशी सलीमने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. ही खाण्याला चालेल की नाही, अशी शंका त्याला आली आणि तो ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. त्यांनी सोसायटीचे मानद चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि पोराला फोर्टात पाठवले.

ही सोसायटी 1883 साली मुंबईत आठ जणांनी मिळून स्थापन केली. त्यांतले दोन आपले मराठी डॉक्टर होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीच्या सभासदांत शिकारीचे शौकीन पुष्कळ. पण मारलेले जनावर कोणते, ते कुठे सापडले, काय खात होते, याची नोंद करायची शिस्त त्यांनी लावून घेतली होती.

छोटा सलीम बिचकतच साहेबाच्या समोर उभा राहिला. मिलार्ड साहेबांनी पोराला हाकलले नाही की रागावलेही नाहीत. त्यांनी ती चिमणी ओळखली. ती होती रानचिमणी. मग कपाटांतले खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले. एकट्या हिंदुस्थानात पाखरांच्या एवढ्या जाती असतात, हे पोराने पहिल्यांदा पाहिले. साहेबांनी त्याला वाचायला पुस्तके दिली, पक्ष्याचे कातडे सोलून जपून ठेवायची कला शिकवायची सोय केली. पाखरू मारल्यावर त्याचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहायची सवय त्याला इथे लागली.

गावच्या शिक्षकांनी आणि सरपंचांनी इथे जरा थांबून विचार करावा. बेचकी घेऊन फिरणारे पोर आपल्यालाही रोज दिसते. आपण त्याला एक तर दटावतो, नाही तर दुर्लक्ष करतो. हे पाखरू कोणते, हे त्याला सांगणारा माणूस आणि दाखवणारी जागा मिळाली तर पुढे काय होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

पदवी नाही, नोकरी नाही

पुढचे आयुष्य सरळ गेले असे समजू नका. डोकेदुखीच्या आजाराने शाळा मध्येच सुटायची. 1913 साली मॅट्रिक कसेबसे झाले. कॉलेजात मन रमेना, म्हणून ब्रह्मदेशात तवाय इथे भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. तिथेही पाय धंद्यापेक्षा रानात जास्त. 1918 च्या डिसेंबरात तेहमिना बेगमशी लग्न झाले. काही वर्षांत धंदा बुडाला आणि जोडपे मुंबईला परतले.

सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षी-अभ्यासकाची जागा होती. पण विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून ती मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना पक्षी-प्राण्यांची माहिती सांगायची नोकरी लागली. पुढे रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये प्रोफेसर श्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. 1930 साली परत येऊन पाहतात तो काय, पैशाच्या टंचाईमुळे ती जागाच रद्द झालेली!

मग नवराबायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिली. घराजवळच्या झाडांवर सुगरणीची घरटी लटकत होती. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. हे गृहस्थ पावसाळाभर त्या घरट्यांकडे पाहत बसले. कोण विणते, कोण येते, कोण जाते, सगळे टिपत गेले.

आपण त्या पाखराला सुगरण म्हणतो. नाव बाईचे, आणि सारे कौतुकही तिचेच. पण किहीमच्या निरीक्षणात वेगळेच निघाले. घरटे विणतो तो नर. तो अर्धे घरटे विणून थांबतो. माद्या येऊन पारखतात. एखादीला पसंत पडले की ती आत मुक्काम ठोकते आणि मग नर ते पुरे करतो. तिचा संसार लागला की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसरीची वाट पाहतो! विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली अर्धवट घरटी आपण जन्मभर पाहिली असतील, ती अर्धवट का, याचे उत्तर 1930 साली किहीमला मिळाले. त्यावरचा लेख छापून आला आणि सलीम अलींचे नाव अभ्यासकांत झाले.

बंदूक सुटली नाही, तिचे काम बदलले

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. सलीम अलींनी बंदूक खाली ठेवली नाही. हैदराबाद संस्थान (त्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता), त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी 1930 नंतर केली. बैलगाडीने, पायी, तंबू ठोकत हिंडले. बायको तेहमिना बरोबर असत आणि तळाची सारी व्यवस्था पाहत. 1939 साली त्या गेल्या, तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला. या पाहण्यांत नमुन्यासाठी पक्षी मारावेच लागत. दुर्बिणीतून न ओळखता येणारा पक्षी हातात घेऊनच ओळखावा लागे, पोटात काय आहे ते फाडूनच पाहावे लागे. आपण शिकारी होतो हे त्यांनी कधी लपवले नाही. शिकारीच्या नादामुळेच रानाचे डोळे आले, हेही ते मानत. त्यांना चीड होती ती बेसुमार कत्तलीची.

पोटात काय आहे हे पाहण्याचा मुद्दा आपल्याला जवळचा आहे. भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरले की आपण गोफण फिरवतो, माळ्यावरून आरोळ्या ठोकतो, आणि ते करावेच लागते. पण हीच भोरडी तिच्या विणीच्या मुलखात टोळ आणि त्यांची पिल्ले फस्त करते. शेतातले घुबड रात्रभर उंदीर मारते. साळुंकी, कोतवाल, बगळे नांगरामागे किडे वेचतात. शेताला कोणता पक्षी मित्र आणि कोणता वैरी, हे अंदाजाने ठरवू नका, पिकाचा कोणता टप्पा आहे आणि पाखरू काय खाते आहे ते पाहून ठरवा, असाच त्यांच्या लिखाणाचा रोख होता. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. त्यात पक्ष्यांच्या उपयोगाची माहितीही आहे. ते पुस्तक आजही आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत विकले जाते.

भरतपूरचे तळे

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाकडे आणि सर्वांत मोठ्या चुकीकडे येऊ. राजस्थानात भरतपूर शहराला लागूनच केवलादेवाचे तळे आहे. उथळ पाणी, बाभळी आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी लाखो बदके. भरतपूरच्या महाराजांनी तिथे पाणी अडवून खास बदकांच्या शिकारीची सोय केली होती. व्हाइसरॉय आणि बडे पाहुणे आले की मोठी शिकार व्हायची. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. योगायोग असा की तो दिवस सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाचा होता.

स्वातंत्र्य आले. भोवतालच्या लोकांनी मागणी केली की राजाच्या चैनीचे तळे आता मोडा, पाणी शेताला द्या आणि जमीन पिकाखाली आणा. मागणी गैर होती असे कोण म्हणेल? पण हे तळे गेले तर उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांचा मोठा मुक्कामच जाईल, हे सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंच्या कानावर घातले. तळे वाचले. 1956 साली ते पक्षी अभयारण्य म्हणून राखण्याचे ठरले. मात्र महाराजांचा शिकारीचा हक्क लगेच गेला नाही, त्याला 1972 साल उजाडावे लागले.

त्या तळ्यावर सलीम अलींनी आणखी एक काम केले. सोसायटीने 1959 च्या सुमारास पक्ष्यांच्या पायात अॅल्युमिनियमची कडी अडकवून त्यांना सोडून देण्याचे काम सुरू केले. कोणते पाखरू कुठून येते, ते त्यावरून कळते. पण जिवंत पाखरू इजा न करता धरणार कोण? त्यासाठी बिहारमधले मीरशिकार, म्हणजे पिढ्यान्पिढ्या पाखरे पकडून पोट भरणारे लोक, कामावर घेतले. ज्यांना शिकारी म्हणून हिणवले जाई, त्यांचेच कसब शास्त्राच्या उपयोगी पडले.

आता चुकीचे. तळ्यात आसपासच्या गावांच्या म्हशी आणि गुरे पूर्वापार चरत होती. त्यांच्यामुळे पाखरांना त्रास होतो आणि झाडी खुरटते, असे तज्ज्ञांचे मत होते. सलीम अलींनीही चराईबंदीच्या बाजूने कौल दिला. 1982 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चराई बंद केली गेली. गावकरी चवताळले. पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचे जीव गेले. पक्षी वाचवायला निघालेल्या कामात माणसे मेली, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

पुढे काय झाले? म्हशी बंद झाल्यावर पाण्यातले गवत मोकाट वाढले. उघडे पाणी आटत गेले. बदकांना पोहायला आणि चरायला जागा उरेना. सलीम अलींच्याच सोसायटीने तिथे दहा वर्षे मोजमाप केले आणि निष्कर्ष काढला की म्हशींचे चरणे त्या तळ्याला गरजेचे होते. गवत खाऊन त्या पाणी मोकळे ठेवत होत्या. नंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा दिली गेली. म्हशीवाल्यांचे म्हणणे खरे निघाले, पण त्याची किंमत फार मोठी पडली होती.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. आपल्या प्रमुखाचे मत खोटे ठरवणारा निष्कर्ष त्याच संस्थेने लपवला नाही, छापला. पाहा, मोजा आणि दिसले ते लिहा, ही शिस्त सलीम अलींनीच संस्थेला लावली होती. तीच त्यांच्या मतापेक्षा मोठी ठरली.

मानमरातब आणि अखेर

1958 साली पद्मभूषण, 1976 साली पद्मविभूषण. त्याच वर्षी पॉल गेटी पुरस्कार मिळाला, तो पैसा त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिला. अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांवर दहा खंड लिहिले, ते 1968 ते 1974 या काळात निघाले. केरळातले सायलेंट व्हॅलीचे रान धरणात जाऊ नये म्हणून झटले. आपला माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असे त्यांचे म्हणणे होते, पण 1963 साली तो मान मोराला मिळाला. मोटारसायकलचा भारी नाद, एकदा तर स्वीडनच्या परिषदेला स्वतःची मोटारसायकल घेऊन गेले. 1985 साली राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी निघालेल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी चिमणीलाच मान दिला. 1987 साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षात, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपण काय करायचे?

काळ बदलला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तितर, लावे, ससे, रानबदके, हरणे यांची शिकार गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंग आणि दंड दोन्ही होऊ शकतात. ढाब्यावर तितर विकणारा जसा अडकतो, तशी तळ्याची वाट दाखवणाऱ्याचीही चौकशी होऊ शकते. पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांना मारण्याची लेखी परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती परवानगी वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याने द्यायची असते, गावाने परस्पर ठरवायची नसते. नुकसान झाले तर रागाच्या भरात फासे लावू नका, कुंपणात वीज सोडू नका. त्यात जनावराआधी आपलाच माणूस किंवा बैल जातो. त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठी आणखी एक. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती एकदा भरून कपाटात ठेवलेली आढळते. ती बाहेर काढा. रानडुकरे कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात उतरतात, किती क्षेत्राचे नुकसान होते, तळ्यावर पाखरे कधी येतात, कमी झाली की वाढली, हे शेतकऱ्यांना विचारून तारखेनिशी लिहा. गुराख्यांना विचारा, कारण भरतपूरला त्यांना विचारले नाही म्हणून काय झाले ते आपण पाहिले. शाळेतल्या मुलांच्या हातातही ही वही द्या.

उद्या वन खात्यासमोर किंवा जिल्हा परिषदेत बाजू मांडायची वेळ आली तर नुसत्या तक्रारीपेक्षा पाच वर्षांच्या नोंदींचे वजन जास्त पडेल. पदवी नसलेल्या सलीम अलींना जगाने मान दिला, तो अशाच नोंदींच्या बळावर.